कांद्याचे तीन भाव: पायथॉन की गो?

नाशिकला कॉलेज रोडवर बसून लासलगावच्या कांदाभावाचं छोटं ॲप लिहितोय. पायथॉन आणि गो या दोन प्रोग्रामिंग भाषांपैकी कोणती घ्यावी, हा प्रश्न. एकाच फंक्शनकडून (प्रोग्राममधला एक काम करून उत्तर देणारा तुकडा) तीन आकडे हवेत: किमान, कमाल, सरासरी.

पायथॉनमध्ये 'रिटर्न' (उत्तर परत दे) या शब्दापुढे तिन्ही आकडे स्वल्पविरामांनी वेगळे करून लिहिले की झालं. पण खरं तर परत येतो एकच टपल, तिन्ही भाव एका गोणीत. गोणी न सोडता एकाच व्हेरिएबलमध्ये ठेवली तरी पायथॉन हूं की चूं करत नाही. दोनच नावांत सोडायला गेलात, तर प्रोग्राम चालू असताना 'व्हॅल्यूएरर' ही चूक येते. म्हणजे ऐन लिलावाच्या वेळी!

गोमध्ये गोणीच नाही. तीन व्हॅल्यू सुट्या येतात. नावं कमी पडली तर कंपाइलर (प्रोग्राम चालण्याआधी तो तपासून यंत्राच्या भाषेत आणणारा) आधीच अडवतो. नको ती अंडरस्कोअरवर टाकायची. शिवाय शेवटची व्हॅल्यू म्हणून एरर (काही चुकलं का, ते सांगणारी) परत करायची रीत. दर वेळी ती 'निल (रिकामी, म्हणजे चूक नाही) आहे का' तपासताना बोटं दुखतात, पण बाजार बंद असल्याचं शून्य भावाआड सहसा लपत नाही.

किमान-कमालची अदलाबदल मात्र दोन्हीकडे खपून जाते, कारण दोन्ही आकडेच. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक आकड्याला नाव देऊन एकत्र ठेवणं: पायथॉनमध्ये 2018 च्या 3.7 आवृत्तीपासून डेटाक्लास, गोमध्ये स्ट्रक्ट. मी भाव आणणं गोकडे दिलं, आलेख पायथॉनकडे.