कागद म्हणे भूकंपात गेले: हैतीच्या बनावट चित्राचा अनुभव

व्होडू या हैतीतल्या लोकधर्मावरची चित्रं ऑनलाइन घेणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. रोबेर सँ-ब्रीस या हैतीच्या चित्रकाराचं म्हणून मला विकलेलं चित्र बनावट निघालं. ज्या पद्धतीने गंडवलं, तो धंदा अजून चालू आहे.

सँ-ब्रीस (१८९८–१९७३) यांचं चित्र एकदा पाहिलं की डोळ्यांसमोरून हलत नाही. ठिपक्याठिपक्यांतून धूसर चेहरा वर येतो, तो ल्वाचा, म्हणजे व्होडूतल्या देवतेचा. त्याला ठाशीव कडा नसतात, आणि नकला करणाऱ्यांच्या हे पथ्यावर पडतं.

मी मायामीत राहतो. विक्रेताही फ्लोरिडातलाच, तोंडाचा अतिशय गोड. चित्र एर्झुली या व्होडूतल्या प्रेमदेवतेचं, १९६०च्या दशकातलं, हार्डबोर्डवर तैलरंगात. १९७०च्या दशकापासून आपल्याच घरात आहे, असं त्याने सांगितलं. जुनी पावती मागितली तर म्हणाला, "कागद २०१०च्या भूकंपात गेले." हे वाक्य फार धूर्त आहे, कारण त्याच्यामागे खरं दुःख उभं आहे. १२ जानेवारी २०१०ला हैतीच्या राजधानीत, पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये, १९४४ पासून चालत आलेल्या साँत्र दार या कलाकेंद्राची इमारत कोसळली, होली ट्रिनिटी कॅथीड्रलमधली बहुतेक भित्तिचित्रं मातीला मिळाली. एवढ्या संहारापुढे कोण उलटतपासणी करणार? पण चित्र फ्लोरिडात होतं तर त्याचे कागद पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये काय करत होते? हा प्रश्न विचारल्यावर गडी विषय बदलून चित्र हुंगानाने, म्हणजे व्होडूच्या पुजाऱ्याने, अभिमंत्रित केल्याचं सांगू लागला. कुणाच्या श्रद्धेचा असा भाव करणं मला पैशांच्या फसवणुकीहून जास्त संतापजनक वाटतं.

चित्र घरी आल्यावर जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या एका जाणकार बाईंना दाखवलं. त्यांनी आधी चौकट काढली. जुन्या बोर्डाचा चौकटीखाली झाकलेला भाग सहसा फिकट राहतो; इथे मागची बाजू कडेपर्यंत सारखीच तपकिरी होती, आणि एका कोपऱ्यात त्या रंगाचा ओघळ वाळलेला. मग कापसाच्या बोळ्यावर जरासं अल्कोहोल घेऊन त्यांनी अगदी काठावर टेकवलं. बोळा निळा झाला. पन्नास-साठ वर्षं वाळलेला तैलरंग इतक्या सहज सुटत नाही. हा ॲक्रिलिक होता. (ही चाचणी घरी करू नका, खरं चित्र असेल तर खराब होईल.)

त्याने पैसे थेट बँक खात्यात मागितले होते, कार्डाला साफ नकार. त्यामुळे बँकेने हात वर केले. पोलिसांत तक्रार दिली आहे, तपास पुढे सरकलेला नाही.

विकत घेण्याआधी मागच्या बाजूचे, कडांचे आणि चौकट काढलेले फोटो मागा. मिळाले नाहीत तर व्यवहार तिथेच थांबवा. तोच माणूस आता दुसऱ्या नावाने लेव्हॉय एक्झिल या हैतीच्याच दुसऱ्या चित्रकाराची म्हणून चित्रं विकतोय, आणि वर्णनात भूकंपाचं वाक्य शब्दन्‌शब्द तेच आहे.