ताईसाठी घेतलेली मोफत वकील सेवा, सातारा

ताईच्या केसला साताऱ्यात मोफत वकील मिळाला, आधी वाटलं फुकटचं म्हणजे कसलं असणार, पण मॅडमनी अर्धा तास नुसतं ऐकून घेतलं आणि कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखाली एकाच अर्जात संरक्षण, पोटगी, पोराचा ताबा, घरात राहायचा हक्क सगळं मागितलं. बाईला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नसते हे माहीतच नव्हतं, दाखल्यापायी दोन दिवस उगाच हेलपाटे घातले.

तारखांचं मात्र विचारू नका. कायद्यात ६० दिवसांत निकालाचा प्रयत्न करा असं आहे, आमची अंतरिम पोटगीच पाचव्या महिन्यात लागली. त्यात बाहेर बाकडं एकच, एका टोकाला ताई, दुसऱ्या टोकाला दाजी न् सासूबाई, ताई नुसती पिशवीचा बंद पिळत बसलेली. वेगळी खोली तरी द्या राव.

मॅडमना पाच स्टार, बाकीच्याला दोन.