माधव ठेवायचं की रेयांश? मुलाचं नाव ठरवताना

घरात मुलगा झाला की एका बाजूला आजी-आजोबांची यादी असते, केशव, माधव, मुकुंद, विठ्ठल, आणि दुसऱ्या बाजूला आई-बाबांच्या मोबाईलमधली, रेयांश, आरव, विहान, कियान, आणि मग कोणीच कोणाचं ऐकत नाही. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. तेव्हा दोन्हीकडची नावं बसून तपासली होती, तेच लिहितेय, ज्यांचं आत्ता अडलंय त्यांच्यासाठी.

आधी अर्थ, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच आहे. जुन्या नावांना हा त्रास नाही, केशव, माधव, मुकुंद ही विष्णूची नावं, घरात कोणालाही विचारा. नवीन नावांचा अर्थ नेटवर एका सेकंदात मिळतो पण तो बरोबर असेलच असं नाही. आरवचा अर्थ बऱ्याच याद्यांमध्ये 'शांत' असा दिलेला असतो आणि संस्कृतमध्ये आरव म्हणजे आवाज, आरडाओरडा, म्हणजे बरोब्बर उलटं! अनय ऐकायला किती गोड, पण नय म्हणजे नीती आणि अनय म्हणजे अनीती, दुर्दैव असाही अर्थ आहे. रेयांशचा अर्थ 'सूर्यकिरणाचा अंश' असा सांगतात, त्यातला अंश खरा, पण किरणाला अमरकोशात मयूख, अंशू, गभस्ती, रश्मी असे कितीतरी शब्द आहेत, त्यात 'रेय' नाही. मला तर तो इंग्रजीतला 'रे' वाटतो. ज्यांना नुसता नाद आवडतो त्यांनी खुशाल ठेवावं, पण मुलगा मोठा होऊन अर्थ विचारणार तेव्हा खरं उत्तर हाताशी असावं असं मला मनापासून वाटतं. विहान म्हणजे पहाट, ते ठीक आहे. कियान फारसीतून आलंय, छान आहे, फक्त संस्कृत म्हणून सांगू नका.

आणि अर्थ वरवर बघून चांगलं नाव सोडूही नका हं. अनिकेत म्हणजे 'ज्याला घर नाही' असं कळल्यावर आमच्या नात्यात एकांनी ते लगेच खोडलं, पण गीतेच्या १२व्या अध्यायात आवडत्या भक्ताचं वर्णन करताना 'अनिकेतः स्थिरमतिः' असं आलंय, म्हणजे तिथे ते कौतुकच आहे.

आता युनिक. नवीन नाव ठेवायचं मुख्य कारण हेच असतं ना, की वर्गात दुसरा कोणी नको. पण सगळे त्याच याद्या बघतात. आमच्या मुलाच्या वर्गात ३ अथर्व आणि २ अर्णव आहेत, मुकुंद एकही नाही, केशव एकही नाही. त्यामुळे खरंच वेगळं नाव हवं असेल तर सध्या आजोबांची यादी पुढे आहे, हे आधी कोणी सांगितलं असतं तर आमचे दोन महिने वाचले असते.

हाक मारून बघणं दोन्हीकडे सारखंच महत्त्वाचं. आपल्याकडे मित्र कुठल्याही नावाला 'या' लावणारच, प्रकाशचा पक्या, मकरंदचा मक्या, गणेशचा गण्या, तेव्हा तुमच्या नावाचं काय होईल ते आधीच जोरात म्हणून बघा. नंतर 'राव' लावून बघा. माधवराव सहज येतं, रेयांशराव म्हणताना जीभ अडते, पुढे ऑफिसात कोणी राव म्हणेल न म्हणेल, पण पन्नाशीच्या माणसाला ते नाव शोभेल का हे त्यातून कळतं. इथे मी जुन्याला झुकतं माप देते.

स्पेलिंगमध्ये मात्र नवीन नावं जिंकतात. विहानमध्ये फार तर ए एक की दोन एवढाच प्रश्न. विठ्ठलमध्ये टी एक की दोन इथून सुरुवात. ज्ञानेश आपण डी-एन-वाय लिहितो आणि महाराष्ट्राबाहेर लोक जी-वाय अपेक्षित धरतात. ऋषिकेशचं तर विचारूच नका, मूळ शब्द हृषीकेश, हृषीक म्हणजे इंद्रियं आणि त्यांचा ईश, मराठीत आपण ऋ चा उच्चार रु करतो म्हणून आर-यू, हिंदीवाले आर-आय, आणि कोणी पुढे एच लावतं.

नावरस अक्षराचा आग्रह असेल तर एक सांगते, २७ नक्षत्रांचे ४-४ चरण धरून १०८ अक्षरं होतात आणि सगळ्यांवरून नाव निघतच नाही. हस्त नक्षत्राला पू, ष, ण, ठ आहेत, आता ण वरून काय ठेवणार? अशा वेळी पत्रिकेतलं नाव वेगळं आणि हाकेचं वेगळं हे बरेच जण करतात, आम्हीही केलं, आणि दोन्ही पिढ्या शांत झाल्या.

आमचं शेवटी ईशान ठरलं. शंकराचं नाव म्हणून सासूबाई खूश, लहान आणि सोपं म्हणून आम्ही खूश. तुमच्याकडेही ओढाताण असेल तर ईशान, अर्णव (म्हणजे समुद्र), निनाद, अद्वैत असे खरे संस्कृत शब्द बघा, जुन्यांनाही चालतात. पण ओढाताण नसेल आणि माधव मनात असेल तर बिनधास्त माधवच ठेवा.

आणि घाई नको. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण त्यात बाळाचं नाव नंतर टाकता येतं, १२ महिन्यांपर्यंत फी लागत नाही आणि पुढे १५ वर्षांपर्यंत लेट फी भरून टाकता येतं. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम आहे, तेव्हा चारही शब्द एका दमात म्हणून बघा, लांबलचक होत असेल तर पहिलं नाव दोन-तीन अक्षरीच बरं. दाखल्यावर स्पेलिंग टाकताना दोघांनीही स्वतःच्या डोळ्यांनी तपासा, कारण तेच पुढे शाळेत आणि पासपोर्टवर जातं, नंतर नाव बदलायचं म्हटलं तर राजपत्रापर्यंत जावं लागतं.