१ एचपी ओपनवेल सबमर्सिबल पंप (विहिरीच्या पाण्यात बुडून चालणारा): ८ महिने वापरल्यावर (जाळीच्या स्क्रूबद्दल मुद्दाम वाचा)

हेड (पाणी किती उंच चढवतो) किती, डिस्चार्ज (मिनिटाला किती पाणी देतो) किती ते डब्यावर लिहून असते, पुन्हा सांगत नाही. आमच्याकडे नळाचं (पेंच धरणाचं) पाणी पिण्यापुरतं, बाकी अंघोळ, कपडे, कुलर सगळं अंगणातल्या विहिरीवर. मागच्या मेमध्ये विहिरीचं पाणी २८ फुटावर गेलं आणि काठावरचा जुना मोनोब्लॉक पंप पाणी उचलेनासा झाला. वरून ओढणारा पंप पुस्तकात ३३ फूट म्हणतात, पण प्रत्यक्षात २२-२५ फुटाच्या खालून नाही ओढत, कोणत्याही कंपनीचा घ्या. ओपनवेल पाण्यात बसून ढकलतो, म्हणून ऑगस्टमध्ये हा घेतला, साडेदहा हजार मोजून.

मार्चपर्यंत एक नंबर चालला. आवाज नाही, १००० लिटरची टाकी २० मिनिटांत भरायची. मग मार्चच्या शेवटी टाकीला सव्वा तास लागायला लागला, तेही दोन कुलर सुरू झाले तेव्हाच. वॉरंटीत होता म्हणून कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला बोलावलं. त्यानं विहिरीत वरून डोकावून पाहिलं आणि सांगितलं, "काका, पाणीच नाही राहिलं विहिरीत, दीड एचपीचा टाका." व्हिजिटचे ३५० घेतले आणि गेला. पंप वर काढलाच नाही! मी दोरीला दगड बांधून सोडला तर पाणी २२ फुटावर, पंप १० फूट पाण्याखाली. मग पाणी नाही राहिलं हे कशावरून बोलला भाऊ?

फोनवर दोनदा भांडलो, काही झालं नाही. शेवटी २० लिटरची बादली आणि पोराचा मोबाईल घेऊन बसलो. गच्चीवर टाकीच्या तोंडाशी बादली भरायला ९० सेकंद. मग विहिरीच्या काठाशी युनियन (पाइपाचा खोलता येणारा जोड) खोलून तिथेच बादली लावली, तिथेही ८० च्या वर. ही गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून नीट लिहितो: खाली धार चांगली आणि वर बारीक असेल तर दोष पाइपात, दोन्हीकडे बारीक असेल तर पंपात किंवा त्याच्या तोंडाशी. व्होल्टेजही पाहून घ्या, आमच्याकडे संध्याकाळी कमी असते, पण सकाळीही धार तशीच होती म्हणून ते सोडून दिलं.

एमसीबी पाडून (लाइट बंद करून) पंप दोरीनं वर काढला (केबल धरून ओढू नका कधीच). पंप जिथून पाणी आत घेतो त्या जाळीवर आमच्या कडुनिंबाची पानं. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाड पूर्ण झडते, ती पानं कुजून ओल्या चहापत्तीसारखा काळा थर जाळीला चिकटून बसलेला, जेमतेम चार बोटं जागा मोकळी. आता मुद्द्याचं. जाळी स्टेनलेसची, बॉडी चांगली, आणि ती जाळी धरणारे चार स्क्रू साध्या लोखंडाचे! सात-आठ महिन्यांत दोघांची डोकी गंजून गोल झाली, स्क्रू ड्रायव्हर नुसता फिरून राहिला होता. हॅक्सॉ ब्लेडनं खाच पाडून काढायला दीड तास गेला. साडेदहा हजाराच्या वस्तूत, जी पाण्यातच राहणार आहे, लोखंडी स्क्रू काऊन टाकता? चार स्टेनलेस स्क्रू मला बाजारात ४० रुपयांत भेटले. या एका गोष्टीसाठी मी १ स्टार देणार होतो.

मंगळवारी पुढे लिहून राहिलो. जाळी साफ करून पंप सोडला तर काठाशी बादली १५ सेकंदांत, पण गच्चीवर ३८. म्हणजे आता दोष पाइपात. युनियनच्या वरचा पितळी एनआरव्ही (पाणी उलट खाली येऊ न देणारा वॉल्व्ह) उघडला, त्याची झडप क्षारानं जाम होऊन अर्धीच उघडायची. आमचं पाणी जड आहे, बादलीलाही पांढरा थर येते. हा वॉल्व्ह जुन्या पंपाच्या वेळचा, नवीन पंपाचा यात काही दोष नाही, हे मला मान्य करावं लागते. नवीन वॉल्व्ह टाकला, गच्चीवर बादली २६ सेकंदांत. टाकी २२ मिनिटांत भरते, ऑगस्टपेक्षा दोन मिनिटं जास्त, पण तेव्हा पाणी ८ फुटावर होतं, आता १४ फूट जास्त चढवायचं आहे. एवढा फरक राहणारच.

तर स्टार ४. दीड एचपी घेतला असता तर तीच तुंबलेली जाळी, तोच अडकलेला वॉल्व्ह, आणि बिल वाढलं असतं वरून. वरच्या बाथरूमचा शॉवर मात्र बारीकच राहील, टाकी त्याच्यापेक्षा फक्त सहा-सात फूट वर आहे, त्याला विहिरीतला पंप काही करू शकत नाही. घरी सगळ्यांना हेच समजावून राहिलो आठवडाभर.

विहिरीवर आता बारीक नायलॉन जाळी टाकली आहे, पानं वरच अडतात. मेच्या शेवटी पाणी आणखी खाली जाईल तेव्हा पुन्हा बादली लावतो आणि सेकंद इथंच लिहितो.