मळ्यातील वीजरोधक: अर्थिंग उत्तम, ‘लेझर’ फक्त माहितीपत्रकात

गेल्या वर्षी वैशाखातील वादळात शेजारच्या बांधावरील निंबावर वीज पडली, तेव्हा यावल तालुक्यातील आमच्या केळीच्या मळ्यातील घरासाठी आम्ही जळगावच्या एका विक्रेत्याकडून ४६ हजार रुपयांचा वीजरोधक बसवून घेतला. वर्षभराच्या वापरानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

कामाविषयी तक्रार नाही. कारागीर मुलाने तांब्याची पट्टी कौलांच्या कडेला काटकोनात न वळवता मोठ्या गोलाईने उतरवली, आणि तिच्या जोडावर लोखंडी नटबोल्ट वापरण्यास स्वतःहून नकार दिला. पावसाळ्यात अर्थिंगचा रोध, म्हणजे वीज जमिनीत उतरताना होणारा अडथळा (जितका कमी तितका चांगला), ६ ओहम भरला होता. मात्र चैत्रात काळी जमीन भेगाळल्यावर तोच १४ झाला, तेव्हा त्याने येऊन अर्थिंगचा दुसरा खड्डा घेतला आणि आकडा पुन्हा १० च्या खाली आणला. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

तक्रार आहे ती माहितीपत्रकाविषयी. “सर, ही साधी सळई नाही, लेझर आहे, हवेत प्लाझ्माचा रस्ता करते,” असे विक्रेत्याने सांगितले होते. सळईच्या टोकावरील डबी उघडून घेतली, तर आत एक सेल, छोटे सर्किट आणि लाल दिवा निघाला.

प्लाझ्मा म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला, वीज वाहू देणारा वायू. हवेत त्याचा असा रस्ता खरोखर करता येतो. पण त्यासाठी लेझरचा स्पंद, म्हणजे प्रकाशाचा क्षणिक झोत, पिकोसेकंदाच्या (सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या) आसपास किंवा त्याहून लहान आणि त्याची शक्ती काही गिगावॉट (एक गिगावॉट म्हणजे शंभर कोटी वॉट) असावी लागते. एवढ्या तीव्र प्रकाशापुढे हवाच भिंगासारखी वागून झोताला आत ओढते. झोत दाटला की ऑक्सिजन व नायट्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटून प्लाझ्मा होतो, तो झोताला बाहेर पसरवतो, आणि या ओढाताणीत केसाएवढ्या जाडीचा धागा कित्येक मीटर टिकून राहतो. प्लाझ्मा स्वतः काही नॅनोसेकंदांत (सेकंदाच्या काही अब्जांश भागांत) विझतो, परंतु तापलेली हवा बाजूला सरून मागे विरळ वाट राहते, आणि विजेला तीच सोपी पडते. शिक्षकाच्या हातातील लाल लेझरची शक्ती काही मिलिवॉट असते, म्हणजे या स्पंदाच्या सुमारे एक लाख कोटी पटींनी कमी. डबीतील दिव्याची तर गणतीच नको.

२०२१ च्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमधील सेंटिस शिखरावर, वर्षाला सुमारे १०० विजा झेलणाऱ्या १२४ मीटर उंच मनोऱ्याशेजारी, सेकंदाला १,००० स्पंद सोडणारे लेझर उभारले होते. ते चालू असताना मनोऱ्यावरून वर निघालेल्या चार विजांना त्याने वाट दाखवली. त्यांपैकी एक सुमारे ५० मीटर झोताच्या कडेने गेल्याचे जलद कॅमेऱ्याने टिपले. त्या यंत्राचे वजन तीन टनांहून अधिक होते. आमच्या कौलांवर तीन टन ठेवले, तर विजेची वाट पाहण्याची गरजच उरणार नाही.

सळई, पट्टी आणि खड्डा यांसाठी मी पाचपैकी चार तारे देतो. डबीसाठी शून्य, साधी टोकदार सळई घेतली असती, तर निम्म्या पैशांत भागले असते. पावतीवर अजूनही ‘लेझर युनिट, १ नग’ असेच लिहिलेले आहे. ते दुरुस्त करून मागितले, त्याला आता दोन महिने झाले.