हवेचा मीटर छान, ॲपचा अंदाज मात्र कच्चा
सोलापुरात अशोक चौकाजवळ राहतो, आईला दम्याचा त्रास, म्हणून हा पीएम २.५ म्हणजे हवेतले अगदी बारीक कण मोजणारा मीटर घेतला आणि खरं सांगतो मीटर लई कामाचाय. फोडणी दिली की आकडा लगेच चढतो, एक्झॉस्ट लावला की उतरतो, त्यामुळं खिडकी कधी उघडायची ते आता आईच ठरवते. पावसाळ्यात जरा सांभाळून, आतला लेझर सेन्सर दमट हवेत जास्त दाखवतो.

तक्रार ॲपची आहे. "आज तुमच्या भागात धोका" म्हणून जो आकडा देतात तो मोजलेला नसतोच, लांबच्या हवा मोजणाऱ्या स्टेशनची नोंद, वारा, तापमान घालून मॉडेलनं काढलेला अंदाज असतो, मग अमुक ते अमुक अशी रेंज तरी द्या ना, होटगी रोडची धूळ आणि आमच्या गल्लीतली एकच कशी असेल? आणि हिरवा रंग कुठल्या मर्यादेवर देतात तेही लिहीत नाहीत! आपल्याकडं २४ तासांची सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते, डब्ल्यूएचओनं २०२१ मध्ये १५ सांगितलीय, दम्याच्या पेशंटला हा फरक छोटा नाही.

मीटरला चार स्टार, ॲपला दोन. घ्या, पण आकडा घरातल्या मीटरवरचाच बघा.