समुद्रभिंत की सोडलेला पट्टा?

किनारा वाचवायला भिंत बांधायची की काठालगतचा पट्टा बांधकामाविना मोकळा सोडायचा? धोरणाच्या कागदावर उत्तर ठरलेलं असतं: समुद्राला जागा सोडा. भूमध्य समुद्राकाठच्या देशांच्या किनारा व्यवस्थापनाच्या २००८ च्या करारात (माद्रिद प्रोटोकॉल) हिवाळ्यातल्या सर्वोच्च जलरेषेपासून किमान १०० मीटर बांधकामबंदी आहे. पळवाटही त्याच कलमात: सार्वजनिक हिताचा प्रकल्प असेल तर सवलत. आणि कुठल्याही पालिकेला स्वतःचा प्रकल्प सार्वजनिक हिताचाच वाटतो.

पालिकांची पसंती बहुधा भिंतीला. टेंडर निघतं, उद्घाटन होतं, उधाणात घरात पाणी शिरलेले लोकही तेच मागतात. पण भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू ओढून नेते. पुळण खचते, पाया उघडा पडतो, दुरुस्तीचा खर्च मागे लागतो. भिंत संपते तिथे धूप वाढते आणि ती जागा शेजारच्या हद्दीत असली की तिथेही भिंतीची मागणी येते.

पट्टा सोडायला सिमेंट लागत नाही, पण परवानगी नाकारावी लागते, घरपट्टीवर पाणी सोडावं लागतं. त्यात नकाशाची गंमत: १:२५,००० प्रमाणावर १ मिलिमीटर जाडीची रेषा जमिनीवर २५ मीटर व्यापते. प्लॉट आत की बाहेर, हे मग टेबलामागचा माणूस ठरवतो.

दाट वस्तीला, इस्पितळाला किंवा एकमेव रस्त्याला भिंत समजू शकते. मोकळ्या किनाऱ्यावर मी पट्ट्याच्याच बाजूने. फक्त आधी मोठ्या प्रमाणाचा, म्हणजे जास्त बारकावे दाखवणारा नकाशा काढा आणि जागेवर खुणेचे दगड रोवा.